कीट्सची पत्रं मराठीत आणताना: कामाची वही

११ जानेवारी

शेवटी सुरू केलं. गेली दोन वर्षं नुसतं करायचंय करायचंय चाललं होतं, आता वही उघडलीय म्हणजे मागे फिरता येणार नाही. काम असं की इंग्रज कवी जॉन कीट्सची निवडक पत्रं मराठीत करायची. कविता नाही, पत्रंच. कवितांचे मराठी अनुवाद बऱ्याच जणांनी केलेत आणि मला वृत्तबित्त जमत नाही, पण हा माणूस पत्रांत जे बोलतो ते ऐकताना मला कायम वाटतं की हे मराठीत छान बसेल, कारण आपल्याकडे अशी बडबडी हुशार मुलं घरोघरी असतात.

साधारण अडीचशे पत्रं शिल्लक आहेत. १९५८ साली हार्वर्डने रॉलिन्सच्या संपादनाखाली दोन खंड काढले, त्यावरून काम करतेय. मूळ कागदांपैकी बराच भाग हार्वर्डच्या होटन लायब्ररीत आहे आणि त्याचे फोटो ऑनलाइन दिसतात, त्यामुळे हॅरोमधल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून झूम करून शाई बघता येते. चाळीस पत्रं निवडायचं ठरवलंय. नवरा म्हणाला पंचवीस कर. बघू.

१९ जानेवारी

सगळा दिवस तारखांत गेला. मी वापरते त्या स्प्रेडशीटला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही, ती नुसती अक्षरं समजते, त्यामुळे सॉर्ट केलं की एप्रिल १८१९ आधी आणि सप्टेंबर १८१८ शेवटी. शेवटी साल, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम केले. दीड तास फुकट.

पण खरी गंमत वेगळीच. कीट्स स्वतः तारीख घालायचा कंटाळा करतो. नुसतं 'गुरुवार'. नाहीतर 'रविवार रात्र'. त्याच्या प्रेयसीला, फॅनी ब्रॉनला, आयल ऑफ वाइटवरच्या शँकलिनहून लिहिलेलं पहिलं पत्र आहे ना, त्यात आपण फुलपाखरं असतो तर बरं झालं असतं असं लिहितो, उन्हाळ्याचे तीनच दिवस जगायचं, त्याच्यावर फक्त गुरुवार आहे. पोस्टाचा शिक्का ३ जुलै १८१९ चा. कॅलेंडर काढलं तर ३ जुलैला शनिवार येतो, म्हणजे मागचा गुरुवार १ तारीख. संपादक मंडळींनी हे असं एकेका पत्रासाठी केलंय, शिक्का बघ, वार जुळव, हवामानाचा उल्लेख बघ. आपल्याकडे जुन्या दस्तांवर तिथी आणि शक जुळवत बसतात ना तेच हे. मी दोन पत्रांचं स्वतः करून बघितलं, उत्तर बरोबर आलं तेव्हा उगाच फार आनंद झाला.

२ फेब्रुवारी

मित्राला, रेनॉल्ड्सला, लिहिलेलं ३ मे १८१८ चं पत्र. आयुष्य म्हणजे पुष्कळ खोल्यांचा एक मोठा वाडा, त्यातल्या दोनच खोल्यांपर्यंत आपण पोचलोय, बाकीची दारं अजून बंद आहेत, ते प्रसिद्ध पत्र. भाषांतराला तसं सोपं, 'वाडा' शब्द तर अगदी चपखल बसतो.

अडकले ते शेवटाकडे. आधी नीट आडव्या ओळी लिहून कागद भरला की तो कागद नव्वद अंशांत फिरवायचा आणि त्याच ओळींवरून उभं लिहीत जायचं. तेव्हा टपालाचे पैसे पत्र घेणारा भरायचा, आणि ते अंतरावर आणि कागद किती यावर ठरायचे, दोन कागद झाले की दुप्पट. एक पेनीत कुठेही पत्र जायला लागलं ते १८४० मध्ये, तोपर्यंत कीट्सला जाऊन १९ वर्षं झाली होती. त्यामुळे मित्राच्या खिशाला चाट नको म्हणून एकाच कागदावर दोन थर. स्क्रीनवर बघितलं तर चटईसारखं दिसतं. एक ओळ वाचताना दुसरी आडवी येते, डोळे मिचकावून वाचावं लागतं.

हे मी आईला फोनवर सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. म्हणाली अगं इनलँड लेटरवर आम्ही काय करायचो, आतलं संपलं की घडीच्या पट्टीवर, मग बाजूच्या मार्जिनमध्ये उभं, आणि शेवटी डिंक लावायच्या जागेजवळ 'ता.क. बाळ चालायला लागलं'. पाकीट फोडताना नेमका ताजा कलमच फाटायचा.

कीट्सला स्वतःलाच त्या जाळीची गंमत वाटते. असं आडवंउभं लिहिलं की चौकडी दिसते, चौकडीवरून गवळण आठवते, गवळणीवरून चित्रकार हॉगार्थ, हॉगार्थवरून शेक्सपियर, शेक्सपियरवरून समीक्षक हॅझलिट, हॅझलिटवरून परत शेक्सपियर, अशी त्याची गाडी सुटते. आता वाचकाला चौकडी दिसतच नसेल तर हा विनोद कसा कळणार? छापताना त्या पानाचा फोटो हवाच. परवानगीचं बघायला लागेल, यादीत टाकलं.

९ फेब्रुवारी

आज ज्याची भीती होती ते. 'निगेटिव्ह कॅपेबिलिटी'.

ज्यांनी कीट्सची एक ओळ वाचली नाही तेही हा शब्द वापरतात, मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये पण ऐकलाय मी. डिसेंबर १८१७ मध्ये जॉर्ज आणि टॉम या भावांना लिहिलेल्या पत्रात एकदाच येतो, बाकी त्याच्या कुठल्याच कागदात परत नाही. अर्थ साधारण असा की माणसाला अनिश्चिततेत, गूढात, शंकेत राहता यावं, चिडचिड करत लगेच कारणं आणि पुरावे ओढायला न धावता.

'नकारात्मक क्षमता' लिहिलं की संपलंच, सरकारी परिपत्रक वाटतं. 'अभावक्षमता' कुणालाच कळणार नाही. आईला विचारलं की काहीच नक्की नसताना पण शांत राहू शकतो अशा माणसाला काय म्हणशील, तर म्हणे 'सासुरवाशीण'. मग हसून म्हणाली, अधांतरी राहता येतं त्याला. अधांतरी! आपल्याकडे हा शब्द तक्रारीसारखाच वापरतात, काम अधांतरी लटकलंय वगैरे, त्यामुळे 'अधांतरी राहायची ताकद' म्हटलं की मूळ इंग्रजीत जो एक उलटा झटका आहे तो पण येतो. सध्या हेच ठेवतेय.

पण खरी गोष्ट मला आजच नीट कळली. या पत्राचा मूळ कागदच नाहीये. जॉर्ज अमेरिकेत गेला, तिकडेच १८४१ मध्ये वारला, त्याच्या बायकोने, जॉर्जियानाने, जॉन जेफ्री नावाच्या माणसाशी दुसरं लग्न केलं, आणि १८४५ मध्ये लंडनमध्ये रिचर्ड मंक्टन मिल्न्स कीट्सचं चरित्र लिहितोय म्हटल्यावर या जेफ्रीने घरातली पत्रं उतरवून काढून पाठवली. या पत्राची फक्त ती नक्कल उरली. आणि हा जेफ्री नक्कल करायला अत्यंत बेफिकीर! ज्या पत्रांचे मूळ कागद आहेत ती त्याच्या नकलेशी ताडून बघता येतात, तर परिच्छेदच्या परिच्छेद गाळलेत, काही खूण सुद्धा नाही. या नकलेवर 'रविवार २२ डिसेंबर' आहे, १८१७ मध्ये २२ ला सोमवार होता. म्हणजे वार चुकला किंवा तारीख चुकली, आणि जो वार-तारीख चुकतो त्याने ते दोन शब्द तरी बरोबर वाचले कशावरून? सगळ्या जगाने पुस्तकं लिहिली त्या दोन शब्दांवर. मी रात्री साडेअकरापर्यंत हेच डोक्यात घेऊन बसले होते. नवरा म्हणाला, आता रहा अधांतरी.

जेफ्रीवर एक खरमरीत टीप लिहून टाकली.

१० फेब्रुवारी

मिल्न्सचं चरित्र १८४८ मध्ये दोन भागांत आलं. हा मिल्न्स पुढे लॉर्ड हॉटन झाला. आणि हार्वर्डची लायब्ररी पण त्याच स्पेलिंगची, पण ती आर्थर होटन नावाच्या अमेरिकन श्रीमंताच्या नावाची, दोघांचा काही संबंध नाही. मी महिनाभर एकच समजत होते.

२३ फेब्रुवारी

काम शून्य. ताप. संध्याकाळी लक्षात आलं की आज त्याची पुण्यतिथी, १८२१, रोम, वय २५.

२० मार्च

काल मुद्दाम १९ मार्चचा तुकडा घेतला होता. जॉर्ज आणि जॉर्जियानाला केंटकीला पाठवलेलं ते लांबलचक पत्र, १४ फेब्रुवारी ते ३ मे १८१९, अडीच महिने थोडं थोडं लिहीत होता, जमा झालं की पाठवायचं. याच पत्रात 'ला बेल दाम' कविता अशीच मध्येच येऊन जाते. मला मात्र क्रिकेट हवं होतं. १९ मार्चला लिहितो की काल आयुष्यात पहिल्यांदा बॅट हातात धरली आणि डोळ्यावर बॉल बसला, डोळा काळानिळा. ब्राउनने, ज्याच्या घरी तो राहायचा, पापणीवर जळू लावली. सकाळी सूज नाही. आणि पुढे म्हणतो, बॉल पांढरा होता.

हे वाक्य भाषांतर करताना मी हसत सुटले. मराठी वाचकाला पांढरा बॉल म्हटलं की वन डे, डे-नाइट, सगळं डोळ्यासमोर येणार, त्याला काय करणार. टीप द्यायची का? नाही देत. हसू दे.

जळूचं मात्र वाईट वाटलं. हा गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकलेला माणूस, १८१६ मध्ये औषधं द्यायचं लायसन्स मिळालेलं, जळवा लावणं वगैरे त्याच्याच धंद्यातलं, आणि इथे मित्र लावतोय आणि हा गप्प बसून लावून घेतोय.

त्याच पत्रात १२ मार्चला तो आपण कसे बसलोय ते लिहितो. विस्तव विझत आलाय, त्याच्याकडे पाठ, एक पाय गालिच्यावर जरा तिरका आणि दुसऱ्याची टाच किंचित उचललेली. आणि म्हणतो की शेक्सपियर 'टु बी ऑर नॉट टु बी' लिहायला बसला तेव्हा कसा बसला होता ते कळलं तर काय मजा येईल. मी रेडिएटरकडे पाठ करून तसं बसून बघितलं. टाच फार वेळ उचलून ठेवता येत नाही. म्हणजे ते वाक्य लिहीपर्यंतच ती उचललेली असणार.

६ एप्रिल

हॅम्पस्टेडला जाऊन आले. ओव्हरग्राउंडने हॅम्पस्टेड हीथ स्टेशन, तिथून पाच-सात मिनिटं चालत कीट्स ग्रोव्ह. घर पांढरं, बाहेरून एकच वाटतं पण ते दोन बिऱ्हाडांचं होतं, तेव्हा नाव वेंटवर्थ प्लेस. एका बाजूला ब्राउन आणि कीट्स, आणि एप्रिल १८१९ पासून दुसऱ्या बाजूला ब्रॉन कुटुंब. मधे भिंत. आपली चाळ असते ना, भिंतीपलीकडे कोण खोकलं ते कळतं, तेवढंच अंतर.

आणि हा तिला त्या भिंतीपलीकडे चिठ्ठ्या पाठवतो! फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्यातून रक्त पडलं, मग डॉक्टरांनी भेटीगाठी कमी करायला सांगितल्या, तेव्हाच्या या चिठ्ठ्या. त्यातल्या एकीत तो लिहितो की तुझे ओठ जिथे टेकले असतील तिथे तुझं माझं नाव मी चुंबीन, आणि लगेच स्वतःलाच टोकतो, ओठ कसले, माझ्यासारख्या कैद्याने हे कशाला बोलावं. हीच चिठ्ठी मार्च २०११ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ९६,००० पौंडाला गेली, सिटी ऑफ लंडनने घेतली, या घरासाठी. त्या काळी ती पाठवायला काही पैसे लागले नसणार, कुणाच्या तरी हातात दिली असेल की झालं.

अंगठी पण बघितली, फॅनीची. काचेत. लहानशी, लालसर खड्याची. माझ्यामागे शाळेची ट्रिप होती त्यामुळे फार वेळ उभं राहता आलं नाही.

७ एप्रिल

फॅनीची बाजू लिहून ठेवते, काल गाडीत डोक्यात होती.

तिने त्याला लिहिलेलं एकही पत्र नाही. रोममध्ये शेवटी शेवटी आलेली पत्रं त्याने उघडलीच नाहीत, सहन होणार नाही म्हणून, ती तशीच बंद त्याच्याबरोबर पुरली. त्याची तिला आलेली मात्र तिने जपून ठेवली, लग्न झालं १८३३ मध्ये, मुलं झाली, नवऱ्याला पत्ता नाही. १८६५ मध्ये ती गेली, १८७२ मध्ये नवरा गेला, आणि मग मुलांनी पत्रं बाहेर काढली. १८७८ मध्ये पुस्तक आलं आणि लोक तिच्यावरच तुटून पडले, असल्या पोरीने आमचा कवी मारला वगैरे. समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड तर म्हणाला ही एखाद्या सर्जनच्या उमेदवार पोराची प्रेमपत्रं वाटतात. (तो होताच ना सर्जनकडे उमेदवार, मग कुणासारखी लिहिणार.) २ मार्च १८८५ ला सदबीजमध्ये लिलाव, एकूण ५४३ पौंड १७ शिलिंग. ऑस्कर वाइल्डने संतापून त्यावर सुनीत लिहिलं.

तिचं बोलणं आपल्याला ऐकू येतं ते कीट्सच्या बहिणीला, धाकट्या फॅनीला, लिहिलेल्या पत्रांतून. ती १९३०च्या दशकात छापली गेली तेव्हा लोकांना कळलं की ही मुलगी शहाणी होती, कपड्यांबद्दल बोलते, पुस्तकांबद्दल बोलते, दुःख बोलून दाखवत नाही. मला यातली एक-दोन परिशिष्टात घ्यायचीत. नियमाप्रमाणे ती 'कवीची' पत्रं नाहीत. पण घेणार.

१३ एप्रिल

धाकट्या बहिणीला स्कॉटलंडहून पाठवलेली ती बालगीतासारखी यमकं, जुलै १८१८. 'होता एक वाह्यात पोर' इथपर्यंत आलं आणि थांबलं. पायी दिवसभर चालून आल्यावर रात्री १५ वर्षांच्या बहिणीसाठी हे लिहायचं म्हणजे कमाल आहे. तिकडची जमीन पण इकडच्याइतकीच टणक आणि चेरी तितकीच लाल, असा शोध त्या पोराला लागतो. मैत्रिणीला पाठवलंय, ती मुलांसाठी लिहिते.

४ मे

आधीच्या वर्षीचं, म्हणजे डिसेंबर १८१८ चं, अमेरिकेला जॉर्ज आणि जॉर्जियानाला पाठवलेलं पत्र. टॉम १ डिसेंबरला गेला, १९ वर्षांचा, क्षय. ते सांगायचंय म्हणून पत्र. आणि मग एक कल्पना मांडतो: मी दर रविवारी दहा वाजता शेक्सपियरमधला एक उतारा वाचीन, तुम्हीही त्याच वेळी वाचा, म्हणजे एका खोलीत आंधळी माणसं असावीत तितके तरी आपण जवळ असू.

मी लगेच हिशोब केला, इतक्या वर्षांची सवय, आईला फोन करायचा तर तिकडे किती वाजले. केंटकी साधारण पावणेसहा तास मागे. सकाळचे दहा धरले तर त्यांचे दहा वाजतात तेव्हा याच्याकडे दुपारचे पावणेचार. म्हणजे हा वाचून, जेवून, मोकळा झालेला असणार तेव्हा ते पुस्तक उघडणार. याला ते माहीत होतं का? माहीत असून सोडून दिलं असेल असं मला वाटतं. शिवाय हे पत्र पोचायलाच महिने लागणार, तोपर्यंत हा एकटाच दर रविवारी वाचत बसलेला.

टीपेत वेळेचा हिशोब घातला होता, परत काढला. रुक्ष वाटत होता.

३१ मे

आज बरोबर त्या तारखेला. ३१ मे १८१९, टिनमथच्या जेफ्री बहिणींपैकी एकीला. (हे जेफ्री वेगळे, नक्कलवाला जेफ्री वेगळा. सूचीत घोळ होणार, लाल खूण केलीय.) पैसे संपलेत, म्हणतो समोर दोन विषं आहेत: एक म्हणजे काही वर्षं हिंदुस्थानच्या जहाजांवर जा-ये करायची, सर्जन म्हणून, आणि दुसरं म्हणजे एकट्याने कवितेबरोबर तापलेलं आयुष्य काढायचं.

त्याच महिन्यात त्याने नाइटिंगेलवरची कविता लिहिली होती. ब्राउन सांगतो की बागेतल्या प्लमच्या झाडाखाली बसून, आणि मग तो चार-पाच चिठोरे पुस्तकांमागे कोंबताना मला, म्हणजे ब्राउनला, दिसला. प्रत्यक्षात जो मसुदा केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे तो दोनच कागदांवर. ब्राउनने हे वीस वर्षांनी लिहिलं, चालायचंच, आठवणीत कागद वाढतात.

पण जहाज! समजा गेला असता, मुंबईला उतरला असता, उकाड्याने घामाघूम होऊन भावाला तक्रारीची पत्रं लिहिली असती. 'इंडियामन'ला मराठीत काय म्हणायचं यावर तास घालवला. 'हिंदुस्थानच्या फेरीचं जहाज' ठेवलं.

१५ जून

नेक्टरीन. विंचेस्टरहून मित्राला, डिल्कला, २२ सप्टेंबर १८१९. एका हाताने लिहितोय आणि दुसऱ्या हातात नेक्टरीन धरून खातोय, आणि ते घशाखाली कसं उतरलं त्याची विशेषणांमागून विशेषणं, मऊ, गराळ, ओली, पाझरती, सगळी ओठांत घोळणारी.

मराठीचा इथे वेगळाच घोटाळा आहे. मऊ आणि ओलं एकत्र आलं की आपले सगळे शब्द किळसवाणे. गिळगिळीत, बुळबुळीत, लिबलिबीत, पचपचीत. एकही शब्द तोंडात टाकावासा वाटत नाही. 'लुसलुशीत' चांगला पण तो कोरडा, काकडी-भाकरीचा. दोन दिवस हेच चाललंय. आंबा करावा असं क्षणभर मनात आलं, रायवळ, पिळून चोखून खायचा, हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळणारा, सगळे शब्द आपोआप आले असते. पण मग तो विंचेस्टरला कशाला बसला असता. नेक्टरीनच ठेवलं आणि विशेषणं सोडून क्रियापदं घेतली: विरघळलं, पाझरलं, ओघळत उतरलं. जमतंय असं वाटतंय.

२९ जून

शेवटचं पत्र. रोम, ३० नोव्हेंबर १८२०, ब्राउनला. हेही मूळ नाही, ब्राउनने उतरवून ठेवलं होतं तेवढंच. सगळं शेवटच्या वाक्यावर येऊन अडतं, पत्रात सुद्धा मला निरोप घेणं जड जातंय, मला नेहमीच वाकून नमस्कार करताना अवघडायला व्हायचं. तो 'बो' म्हणजे कंबरेत वाकून केलेला निरोपाचा शिष्टाचार. 'वाकून नमस्कार' म्हटलं की आपल्याकडे सासूबाईंच्या पाया पडणं. 'मुजरा' तर नाहीच नाही. पाच पर्याय लिहिले, पाचही खोडले. सध्या आहे ते असं: 'निरोप घेताना माझं नेहमी असंच अवघडल्यासारखं व्हायचं.' वाकणं गेलं यातलं. परत बघायचं.

१२ जुलै

मैत्रिणीने पहिली २२ पत्रं वाचून लाल शाईत परत पाठवली. बऱ्याच ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ. नवऱ्याने पंचवीस म्हटलं होतं ते बहुतेक खरं ठरणार. आणि रेनॉल्ड्सच्या त्या चौकडीच्या पत्रापाशी तिने प्रश्नचिन्ह केलंय: 'हॉगार्थनंतर एकदम शेक्सपियरवर संपतं? मूळात मजा काय आहे मग?' उघडून बघितलं. शेक्सपियर दोनदा येतो ना, पहिल्या शेक्सपियरवरून माझी नजर थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला हॅझलिट आख्खा गळाला. वहीत मी बरोबर लिहिलंय, फाइलमध्ये नाही. पाच महिने तसंच होतं.

हॅझलिट परत घातला. जेफ्रीवरची टीप उघडली आणि 'अत्यंत बेफिकीर'मधलं 'अत्यंत' काढलं.